'जन पळभर म्हणतील हाय हाय' : मरणावरची कविता एकेक पायरीने कशी वाचायची

माझी भाची बारावीला आहे. तिला कॉलेजात प्रोजेक्ट दिला होता, मृत्यूवरची एक जुनी मराठी कविता निवडा आणि रसग्रहण लिहा. तिने भा. रा. तांब्यांची 'जन पळभर म्हणतील हाय हाय' घेतली, मोबाईलवरून कुठूनतरी नोट्स उतरवल्या आणि चार पानं भरून मला दाखवायला आणली. कवीचा परिचय होता, मध्यवर्ती कल्पना होती, अलंकार होते, फक्त कविता कुठे दिसत नव्हती. 'कवीने मृत्यूचा शांतपणे स्वीकार केला आहे' हे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सहा वेळा आलेलं. बाबा जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, सुतकात आम्ही सगळे गोव्यात सावईवेऱ्याकडच्या जुन्या घरी जमलो होतो, आणि मला ते वाक्य वाचवेना. मग दोन दुपारी सोप्यावर बसून आम्ही दोघींनी ती कविता सुरुवातीपासून उलगडली. तीच पद्धत इथे लिहितेय. मरणावरच्या कुठल्याही कवितेला ती चालेल, पण उदाहरण हेच घेते, कारण एकाच कवितेत खोल गेल्याशिवाय पद्धत कळत नाही.

पहिलं काम, गाणं बंद करा

ही कविता बहुतेकांच्या कानात लताबाईंच्या आवाजात बसलेली असते, आमच्या मंगेशीच्या घराण्याचा तो आवाज, आणि वसंत प्रभूंची चाल. मला ते गाणं फार प्रिय आहे. पण रसग्रहण करायचं तर दोन दिवस ते ऐकू नका, कारण चाल आपल्याला आधीच सांगून टाकते की इथे दुःखी व्हायचं, इथे थांबायचं, आणि मग शब्दांकडे लक्षच जात नाही. कविता स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, एक ओळ सोडून एक, म्हणजे मधे खुणा करायला जागा राहते. स्क्रीनशॉट चालणार नाही. (आम्ही चारच कडवी घेतली, मूळ कवितेत शेवटच्या कडव्याआधी 'राम कृष्णही आले, गेले' हे आणखी एक कडवं आहे.) हाताने लिहिताना हात जिथे अडखळतो तिथेच काहीतरी असतं, भाची 'वर्षतिल' लिहिताना थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे चुकीचं छापलंय, 'तील' दीर्घ पाहिजे." चुकीचं नाही, त्याच्याकडे पुढे येते.

मग मोठ्याने वाचा. तीनदा. मनातल्या मनात वाचलेली कविता अर्धीच वाचलेली असते.

दुसरं काम, सरळ गद्यात अर्थ लिहा

हे कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण इथेच उडी मारून 'आशय' लिहायला घेतात, तसं करू नका. प्रत्येक ओळ आपण घरात बोलतो तशा भाषेत सांगायची. मी गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील, माझ्यावाचून कुठलं काम अडणार आहे? सूर्य, चंद्र, तारे, वारा यांच्यात काही फरक पडेल का? पाऊस पडेल, शेतं पिकतील, नद्या ऐटीत वाहतील, पण काठावर माझी पावलं पुन्हा उमटणार नाहीत याची काळजी कोणाला? नातेवाईक डोळे पुसतील आणि कामाला लागतील. असल्या जगासाठी झुरायचं कशाला, देवाचा दूत आला तर त्याच्याकडे पाठ का फिरवायची?

हे करताना अवघड शब्द आपोआप पुढे येतात. 'अंतराय' म्हणजे अडथळा, 'जगास्तव' म्हणजे जगासाठी, 'विन्मुख' म्हणजे तोंड फिरवलेला. 'पळ' हे जुनं कालमाप आहे, साठ पळांची एक घटका आणि घटका २४ मिनिटांची, म्हणजे एक पळ म्हणजे बरोबर २४ सेकंद. दुःखाला कवीने तेवढाच वेळ दिलाय.

आणि सोपे शब्द जास्त फसवतात. 'मी जाता राहील कार्य काय' यातलं 'राहील' भाचीने 'टिकून राहील' असं घेतलं होतं, म्हणजे माझ्यामागे माझं कार्य काय उरेल, आणि त्यावर कीर्ती वगैरे एक मोठा परिच्छेद. पण आपण 'काम राहिलं' म्हणतो तेव्हा काम करायचं बाकी पडलं असं म्हणतो. इथे तोच अर्थ बसतो, कारण पुढची तीन कडवी हेच सांगतात की काहीही बाकी पडणार नाही, सगळं चालूच राहील. एका क्रियापदाचा अर्थ चुकला की आख्खी कविता दुसरीकडे जाते.

तिसरं काम, बोलतंय कोण आणि कुठे उभं राहून

कवी आणि कवितेतला 'मी' एकच असं लगेच धरू नका. हा 'मी' जिवंत आहे, मरणाच्या दारात आहे की नुसता विचार करतोय ते कविता सांगत नाही. पण तो कुठे उभा आहे ते मात्र सांगते! 'या नद्या', 'हेच पाय', 'असेच वारे'. हे बोट दाखवणारे शब्द पेन्सिलीने गोल करा. 'हेच पाय' म्हणायला माणसाला खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघावं लागतं. म्हणजे हा माणूस नदीकाठी ओल्या मातीत उभा आहे, वारा अंगावर घेतोय, आणि आपल्या पावलांकडे बघतोय. तांब्यांची नदी आपली मांडवी नव्हे, त्यांचं आयुष्य ग्वाल्हेर-इंदूर-देवासकडे गेलं, पण ज्याने पावसाळ्यात मांडवीला फुगून लाल होऊन जाताना बघितलंय त्याला 'गर्वाने या नद्या वाहतिल' मधला गर्व समजावून सांगावा लागत नाही.

आता एक गंमत बघा, मरणाच्या एवढ्या प्रसिद्ध कवितेत 'मरण' हा शब्द एकदाही नाही. मृत्यू नाही, यम नाही. आहे फक्त 'मी जाता'. आपल्याकडे घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, कोणी चुकून 'जातो' म्हणालं तर आजी लगेच टोकते, आणि कोकणीतही 'येतां' म्हणूनच निघतात. म्हणजे जो शब्द उंबरठ्यावर तोंडातून काढायचा नाही तोच कवीने धृपदात ठेवलाय, सरळ, न चाचरता. आणि दारात जो उभा राहतो तो यमदूत नाही, 'हरिदूत' आहे. कवितेत काय आहे हे जसं बघायचं तसं कुठला अपेक्षित शब्द गाळलाय हेही बघायचं.

चौथं काम पटकन होतं, नकाशा काढा. प्रत्येक कडव्यापुढे एका शब्दात लिहा ते कशाबद्दल आहे. आकाश, मग जमीन आणि पाणी, मग घरची माणसं, मग मी स्वतः. ताऱ्यांपासून सुरू करून कवी हळूहळू खाली उतरत उतरत अंगणात येतो आणि शेवटी स्वतःच्या शरीरात. सूर्याला आपल्या मरणाचं काही वाटणार नाही हे सहज मानता येतं, सख्यासोयऱ्यांचं मानायला जड जातं, म्हणून ते नंतर.

पाचवं काम, क्रियापदं मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे, आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. सगळी क्रियापदं एका बाजूला उतरवा. तळपतील, झळकतील, आचरतील, वाहतील, होईल. वर्षतिल, पिकतिल, वाहतिल, उमटतिल. पुसतिल, लागतिल, उठतिल, बसतिल, खिदळतिल. धृपद सोडून पहिल्या तीन कडव्यांत भविष्यकाळाची १४ रूपं. आता चौथं कडवं घ्या:

अशा जगास्तव काय कुढावे !
मोहि कुणाच्या का गुंतावे ?
हरिदूता का विन्मुख व्हावे ?
का जिरवु नये शांतीत काय ?

भविष्यकाळ एकदम बंद! कुढावे, गुंतावे, व्हावे, जिरवु नये. हा विध्यर्थ, काय करावं आणि काय करू नये याचा. म्हणजे तीन कडवी जगाचं काय होईल ते सांगतात आणि शेवटचं कडवं विचारतं की मग मी आत्ता काय करावं. जगाला उद्या आहे, 'मी'ला फक्त आत्ता. कवितेचा स्वीकार नेमका ह्या सांध्यात आहे, आणि हे व्याकरणातून दाखवता येतं, त्यासाठी 'उदात्त', 'चिंतनशील' असे शब्द ओतायची गरज पडत नाही.

त्यातही स्वीकार विधान म्हणून येत नाही. 'मी शांत झालो' असं तो कुठे म्हणत नाही, 'का जिरवु नये?' असं विचारतो. शेवटची खूण प्रश्नचिन्हाची आहे. माझ्या भाचीच्या नोट्समधलं 'शांतपणे स्वीकार केला आहे' हे वाक्य मला म्हणूनच पोकळ वाटलं, हा माणूस अजून स्वतःला समजावतोय.

सहावं काम, मात्रा

घाबरू नका, बोटांवर मोजता येतं. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ह्रस्वाचीही दोन. 'मेघ वर्षतिल, शेते पिकतिल' मोजा, आठ आणि आठ, १६. कडव्यांतल्या ओळी अशाच १६ च्या आसपास बसतात. 'वर्षतील' केलं की एक मात्रा वाढते, म्हणून 'वर्षतिल'. कुठे 'तळपतील' छापलेलं दिसलं तरी म्हणताना ते 'तळपतिल'च होतं, आणि 'कामि', 'मोहि', 'जिरवु' यांचंही कारण हेच.

पण मात्रा नुसत्या मोजून 'कविता मात्रावृत्तात आहे' असं लिहून टाकायचं नसतं, मोजून काय दिसतं ते महत्त्वाचं. तिसऱ्या कडव्यातली ही ओळ एकेक अक्षर सुटं करून लिहा:

उ ठ ति ल ब स ति ल ह सु नि खि द ळ ति ल

१६ अक्षरं, आणि सोळाच्या सोळा ह्रस्व. एकही दीर्घ नाही. जीभ कुठे टेकतच नाही, टुणटुण पुढे पळते. आता लगेच खालची ओळ:

मी जाता त्यांचे काय जाय ?

इथेही मात्रा १६च, पण अक्षरं फक्त नऊ, आणि त्यातली सात दीर्घ. वरच्या ओळीत माणसं उठतात, बसतात, खिदळतात, लगबग चाललीय, आणि खालच्या ओळीत 'मी' येतो आणि लय एकदम जड होते, पाय ओढत चालल्यासारखी. हे आम्हाला दुसऱ्या दुपारी सापडलं, आणि भाची स्वतःच बोटं मोडत पुन्हा पुन्हा मोजत बसली.

त्याच ओळीत 'जाणे' दोनदा आलंय तेही बघून ठेवा. 'मी जाता' म्हणजे मी मेल्यावर, आणि 'त्यांचे काय जाय' म्हणजे 'तुझं काय जातंय' मधलं जाणं, नुकसान. मी जातो, पण त्यांचं काही जात नाही.

सातवं काम, यमकं एका खाली एक लिहा

हाय, काय, अंतराय, पाय, जाय, काय. पहिला 'काय' प्रश्न आहे, 'कार्य काय'. शेवटचा 'काय' प्रश्न नाही! तो काया, शरीर. 'का जिरवु नये शांतीत काय' म्हणजे हे शरीर शांतीत का जिरवू नये. बरेच जण तो 'काय' पण प्रश्नार्थकच वाचतात आणि ओळ अर्थहीन होते. सुरुवातीला विचारलेला 'काय' शेवटी देह होऊन येतो, शब्द तोच. ही कवितेची सगळ्यात मोठी करामत आहे आणि ती यमकाच्या जागेवर उघडी ठेवलीय.

आणि 'जिरवणे' ह्या शब्दाजवळ थोडं बसा. तांब्यांना 'मिळवणे', 'विलीन करणे' म्हणता आलं असतं. जिरतं ते पाणी, मातीत. बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, आमची पाण्याची पाळी होती. मार्च महिना, पाळी चुकली तर पोफळी आठवडाभर तहानेल्या राहणार, त्यामुळे घरात सुतक असलं तरी भाऊ सकाळी कुदळ घेऊन पाट वळवायला गेला, आणि मी त्याच्यामागून. पाटाचं पाणी माडाच्या आळ्यात आलं, थोडा वेळ तिथे गोल फिरलं, वर सुकी पानं तरंगली, मग हळूहळू खाली बसत गेलं आणि फक्त काळपट ओल उरली. पाणी कुठे गेलं? गेलं नाही, मुळाला लागलं. दुसऱ्या कडव्यात 'मेघ वर्षतिल, शेते पिकतिल' आहे आणि चौथ्यात 'जिरवु', पाऊस पडला तर तो जिरायलाच हवा, तेव्हाच शेत पिकतं. कवीला हा धागा ठरवून जोडायचा होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, शब्द तिथे आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात, तेवढं दाखवलं तरी रसग्रहणात पुरतं.

आठवं काम, कविता जिथे खुपते तिथे थांबा

सुतकाच्या सहाव्या दिवशी सोप्यावर काका, शेजारचे, बाबांचे भजनातले सोबती असे सगळे चहा घेत बसले होते आणि कोणीतरी बाबांचा एक जुना किस्सा काढला, आणि सगळे खो खो हसले. भाची तडक आत आली, डोळ्यांत पाणी. "आजोबांना आठवडा पण नाही झाला आणि हे हसतात कसे?" मी तिला तेव्हा काही बोलले नाही, दुपारी तिसरं कडवं काढलं आणि 'हसुनि खिदळतिल' वर बोट ठेवलं. 'खिदळणे' हा चांगला शब्द नाही. नुसतं 'हसतील' पुरलं असतं. खिदळण्यात बोच आहे, आणि पुढे 'अशा जगास्तव' मध्येही ती उरलीच आहे. म्हणजे ही कविता फक्त शांतीची नाही, तिच्यात तक्रार आहे, दुखावलेपण आहे. ते पुसून टाकलं तर कविता सपाट होते. माझं मत असं की तक्रारीतून वाट काढत तो शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचतो म्हणूनच तो प्रश्न आपल्याला खरा वाटतो. तुम्हाला उलट वाटू शकतं, की शेवटपर्यंत राग गेलेलाच नाही आणि शांती ही रागाचीच पुढची पायरी आहे. तसंही लिहा, फक्त ओळ दाखवून लिहा.

नववं काम, कवीची माहिती आता बघा, आधी नाही. तांबे १८७३ ते १९४१, ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, गेय कवितेसाठी ओळखले जाणारे. एवढं पुरे. परिचयाचं पान भरून मार्क मिळत असतील, समज वाढत नाही. त्यापेक्षा त्यांच्याच मरणावरच्या दुसऱ्या कविता वाचा.

'घन तमी शुक्र बघ राज्य करी' शेजारी ठेवा. तिथे 'फूल गळे, फळ गोड जाहले' अशी दिलाशाची उदाहरणं आहेत, मरणातून काहीतरी तयार होतं असं म्हणणं आहे. इथे तसा दिलासा नाही, जग चालतं ते माझ्यामुळे नाही आणि माझ्यावाचून थांबतही नाही. एकाच कवीची दोन उत्तरं. मग तुकोबांचं 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा राम राम घ्यावा' घ्या. तिथेही 'जाणे'च आहे, पण समोर माणसं आहेत, निरोप घेतला जातोय, पोचायला गाव आहे. तांब्यांचा 'मी' कोणाचा निरोप घेत नाही, तो नदीकाठी एकटा आहे. आणि आपल्या गोव्यातल्या बोरीचे कवी बाकीबाब बोरकर, त्यांनी देखण्या देहान्ताला सागरातल्या सूर्यास्ताची उपमा दिलीय, जो मागे रात्रीच्या गर्भात अग्नीचा वारसा पेरून जातो. बोरकर तांब्यांना मानणारे, पण बघा, बोरकरांच्या मरणामागे वारसा उरतो आणि तांब्यांच्या मरणामागे पाऊलसुद्धा उमटत नाही. अशी तुलना दोन-तीन ओळींचीच करायची, नाहीतर मूळ कविता हरवते.

आता लिहायला बसा

वहीत एवढ्या खुणा झाल्या की सगळं लिहावंसं वाटतं. नाही लिहायचं. एकच म्हणणं निवडा आणि त्याला लागतील तेवढेच पुरावे घ्या. म्हणणं असं पाहिजे की कोणीतरी त्याला 'नाही' म्हणू शकेल. 'कवितेत मृत्यूचा विचार आहे' याला कोण नाही म्हणणार? भाचीने शेवटी ठरवलेलं वाक्य असं होतं: 'या कवितेत शांती मिळालेली नाही, ती मागितलेली आहे, आणि हे शेवटच्या कडव्यात बदललेल्या क्रियापदांवरून कळतं.' बस, यावर दीड पान सहज होतं. आधी १४ क्रियापदं, मग विध्यर्थ, मग प्रश्नचिन्ह, मग दोन्ही 'काय', आणि खिदळणं कुठे बसतं ते. प्रत्येक परिच्छेदात कवितेतला एक तरी शब्द अवतरणात हवा. परिच्छेदात कवितेचा शब्दच नसेल तर तो परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येईल, म्हणजे काढून टाका. अलंकारांची यादी देऊ नका. 'गर्वाने नद्या वाहतिल' यात चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे नदीला माणसासारखा गर्व दिलाय, ठीक, पण ती कशासाठी आहे ते सांगता येत नसेल तर नुसतं नाव देऊन काय होणार.

लिहून झालं की कविता परत एकदा मोठ्याने वाचायची, शक्यतो कोणासमोर, आणि आपण लिहिलंय ते त्या वाचण्यात ऐकू येतं का ते बघायचं. भाचीने वाचली ती संध्याकाळी, तुळशीपुढे दिवा लावून झाल्यावर. आई दाराशी बसून ऐकत होती, कविता तिला लहानपणापासून पाठ. धृपदाशी भाचीचा आवाज भरून आला आणि तिने 'हाय हाय' चांगलंच लांबवलं.

"बाय, ते एवढं ताणू नको," आई म्हणाली. "पळभर म्हटलंय ना त्याने."

भाचीने पान मागे उलटलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.